टाके पडेपर्यंत

छातीवर हिरवा पडदा बांधला होता. पलीकडे तिचं पोट आणि त्यावर वाकलेली माणसं. अलीकडे ती, आणि उशाशी यंत्राकडे डोळे लावून बसलेले भुलीचे डॉक्टर. पाठीत सुई टोचल्यापासून कमरेखालचं अंग परक्याचं झालं होतं. कानांना मात्र कुणी भूल दिली नव्हती.

"ओढून धर म्हटलं ना? का हातातला जीव गेलाय?"

हे तिला नव्हतं. मोठे डॉक्टर तिच्याशी नेहमी लोण्यासारखं मऊ बोलत. बाई शाळेत शिकवतात हे कळल्यापासून तर जास्तच. हे चाललं होतं त्यांच्या समोर उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टर मुलीला. सकाळी हीच मुलगी कॉटवर शेजारी बसून आता काय काय होणार ते नीट समजावून गेली होती. किरकोळ चणीची, डोळ्यांखाली काळं पडलेलं.

"गोगलगाय आहे नुसती," मोठे डॉक्टर सिस्टरला म्हणाले. "लग्न करून घरी बस म्हणावं. तिथं कात्री चुकली तर कापडच फाटेल."

कुणीतरी हसलं. हसायचं असतं म्हणून हसतात, तसं.

मग बाळ रडलं. मुलगी झाली होती. ओलं, तांबडं तोंड क्षणभर तिच्या गालाला लागलं आणि ती बाकी सगळं विसरली. बाळाला पुसायला नेलं, आणि पडद्यापलीकडून पुन्हा तोच आवाज सुरू झाला. या शिकाऊ बाईसाहेबांनी गेल्या आठवड्यात सुट्टी मागितली होती, म्हणे वडील अंथरुणाला खिळलेत. आता बाप काय हिचाच आजारी पडतो? उद्या सगळ्यांचे बाप आजारी पडतील, मग इथली पोटं काय झाडूवाल्यानं उघडायची? तेवढ्यात हाडावर लोखंड आपटल्यासारखा टक्‌ आवाज झाला, आणि पाठोपाठ दातांमधून आत ओढलेला श्वास.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही बाई. तुम्ही निवांत पडा. आमचं हे नेहमीचंच."

रागानं तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. तिला आपले तळपाय कुठे आहेत तेही कळत नव्हतं, तरी आग बरोबर मस्तकात पोचली. ओठावर आलेलं तिनं गिळलं. पोट उघडं होतं, आणि ते त्या माणसाच्या हातात होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती एखाद्या दांडगटासमोर गप्प राहिली. उशाशी बसलेल्या डॉक्टरांकडे तिनं पाहिलं. ते यंत्रावरचे आकडे पाहत होते. पाठ होतील इतका वेळ पाहत होते.

शेवटी कात्री ट्रेमध्ये पडली.

"शिवून झालं का, डॉक्टर?"

"झालं, बाई. खूणसुद्धा दिसणार नाही."

"मग आता बोलते," ती म्हणाली. आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढा होता. "माझं पोट तुमच्या हातात होतं म्हणून इतका वेळ गप्प बसले. तुम्ही त्या मुलीच्या हातावर मारलंत. तिच्या आजारी वडिलांची थट्टा केलीत. माझ्या वर्गात कुणी असं वागलं तर मी त्याच्या आईवडिलांना बोलावून घेते. तुमच्या कुणाला बोलवायचं?"

सिस्टर मोजलेले बोळे पुन्हा मोजू लागली. मोठ्या डॉक्टरांनी हातमोजे सावकाश उतरवले आणि ते पडद्यावरून डोकावून हसले.

"औषध जरा चढलेलं दिसतंय," ते भुलीच्या डॉक्टरांना म्हणाले.

तासाभरानं ते तिच्या कॉटपाशी आले, तेव्हा तिच्या नवऱ्याला बरोबर घेऊनच आले. बाहेर त्याच्या कानावर सगळं घातलं असावं. तो हात जोडून, माफी मागायच्या तयारीतच उभा होता. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अशा वेळी बायका काहीबाही बरळतात, आपण मनाला लावून घेत नाही, असं म्हणाले. मग मागे वळले. ती शिकाऊ मुलगी फाइल छातीशी धरून उभी होती.

"तूच सांग यांना. मारलं मी तुला?"

बाई उशीवरून मान उचलून तिच्याकडे पाहत राहिल्या. फाइल धरलेल्या उजव्या हाताची दोन पेरं सुजून निळी झाली होती. खोलीत शिरणाऱ्या कुणालाही दिसली असती.

"नाही, सर," मुलगी म्हणाली. "पेशंट गुंगीत होत्या. होतं असं कधीकधी."

"बघा," डॉक्टर म्हणाले.

नवऱ्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टरांना दारापर्यंत पोचवायला तो लगबगीनं निघाला. जाताना बायकोकडे वळून, आता तरी गप्प बस, अशा अर्थानं त्यानं डोळे मोठे केले. बाईंनी तोंड फिरवून घेतलं. जिच्यासाठी भांडायला जावं त्या मुलीनंच असा पाठीत वार करावा, हे तिच्या घशाखाली उतरेना.

मुलगी मागे थांबली. फाइल खाली ठेवून ती कॉटजवळ आली. नाडी बघायची आहे, असं काहीसं पुटपुटली आणि तिनं बाईंचा हात हातात घेतला. नजर घड्याळावर होती. मिनिट झालं असेल, नंतर आणखी एक. घड्याळावरचे डोळे भरून आले, पण ती तशीच बघत राहिली.

नाडी मोजायला दोन बोटं पुरतात. तिनं बाईंचं सबंध मनगट मुठीत धरलं होतं.