तकेलेमामांची शेवटची काहील

शर्वरीच्या गुऱ्हाळात रस उकळत होता आणि काहिलीवर दोन पोलादी हात वाकले होते. ते चालवणारे तकेलेमामा हजारो मैलांवर, इथिओपियातल्या आपल्या घरात, या हातांना जोडलेले हातमोजे घालून बसले होते. गेली अठरा वर्षं गावचे गुळव्ये तेच. शर्वरीच्या आबांनी त्यांना गूळ शिकवला आणि त्याबरोबर आपली बोलीही. तेवढ्या काळात गावातल्या कुणी पाकाला बोट लावलं नव्हतं. आता मामांच्या देशालाच माणसं कमी पडत होती. उद्यापासून तिथल्या माणसांनी परदेशातले हात चालवणं बंद. शर्वरीला गूळ उतरवता आला नाही, तर गुऱ्हाळही बंद.

"मामा, झाला का हो?"

"मला काय इचारतीस? तूच बघ की."

"करपला तर?"

"माझ्या पहिल्या चार काहिली करपल्या. आबा म्हणालं, म्हशींना लई आवडला."

तिला हसू आलं. गार पाण्यात बोटं बुडवून तिनं चिमूटभर पाक उचलला आणि पुन्हा पाण्यात धरला. तो बोटांना चिकटला. ती थांबली. पुढच्या खेपेला मऊ, अखंड गोळी वळली. तिनं पोलादी पंजाकडे पाहिलं. तो जागचा हलला नाही. मग तिनंच साखळी ओढून काहील उतरवली.

निवायच्या वाफ्यात ओतलेला गूळ हळूहळू धरू लागला, तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला.

"चुकले असते तर अडवलं असतंत ना, मामा?"

"कशानं अडवणार, पोरी? मोजे मघाशीच काढलेत. कॉफी पितोय."