उद्घाटनाचा नारळ

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात स्कॉटलंडच्या एका डोंगरावर नव्या स्की-लिफ्टचं उद्घाटन झालं. म्हणजे तिथं जे घडलं ते घडलंच नाही, असं आता आमच्या घरात सगळ्यांनी धरून चालायचंय. लिफ्ट बसवणारे इंजिनिअर आमचे जयंतकाका. रिबन कापायच्या आत वैजयंतीकाकूंनी खांबावर नारळ फोडला. पाणी सांडलं, तिथंच गोठलं आणि मॅनेजर त्यावरून घसरत थेट कार पार्कात पोचला. तिथूनच ओरडला, "माफी मागा, नाहीतर नोकरी गेली!"

"अगं, सॉरी म्हण," काका कुजबुजले.

"मी? अहो, बिननारळाची जुनी लिफ्ट रोज अडकायची, तेव्हा कोण म्हणालं सॉरी? सांगा त्याला इंग्लिशमधून: सदर नारळाचं पाणी विनापरवाना गोठवल्याबद्दल डोंगराने आमची लेखी माफी मागावी, ही नम्र विनंती."