धूर सगळ्यांनाच आहे

"घरात मांजर आहे?" डॉक्टर हर्दियांतोंनी विचारलं.

"एक आहे," यूल्यानी म्हणाली. तिच्या मांडीवर सात वर्षांची रिफ्दा घरघरत श्वास घेत होती.

"नवरा सिगरेट ओढतो?"

"लवंगेची. पण अंगणात."

"माहेरी कोणाला दमा?"

"माहेरी नाही." यूल्यानीने शेजारी बसलेल्या सासूकडे पाहिलं.

"आमच्याकडेही नाही हं," सासू तडकली. "आमची माणसं म्हातारपणीसुद्धा माडावर चढायची."

दवाखाना तेलताडाच्या मळ्याचा होता. डॉक्टरांचा पगारही मळाच द्यायचा. दलदलीची जमीन धुमसत होती आणि ती आपोआप पेटते असं मळ्याचं म्हणणं होतं. अख्ख्या रियाऊ प्रांतावर धूर बसला होता. भर दुपारी रस्त्यापलीकडची मशीद दिसत नव्हती. डॉक्टरांनी उठून खिडकी लावून घेतली.

"आणि हा धूर?" यूल्यानीने विचारलं.

"धूर सगळ्यांनाच आहे, बाई. दमा हिलाच का झाला?"

यूल्यानी पोरीला उचलून निघाली.

घरी येऊन तिने मांजर शेजारणीला देऊन टाकलं. गालिचा धुतला. मळ्यावर मजुरी करणाऱ्या तिच्या नवऱ्याने, स्याफ्रिजलने, सिगरेट सोडली आणि चारचौघांत कौतुक करून घेतलं. सासूने डासांची कॉइल बंद केली, तेव्हा सगळं घर खाजवत बसलं. पोरीची घरघर मात्र वाढतच गेली. एकदा तिचे ओठ निळसर पडले. दम्याच्या पंपाने ती कशीबशी सावरली. यूल्यानीने कोणालाच काही विचारलं नाही. पोरीला घेऊन ती बसमध्ये बसली आणि डोंगरावर, बुकितिंगीला, थोरल्या बहिणीकडे गेली.

आठवड्याने तिने नवऱ्याला फोन लावला.

"दिवसभर हुंदडतेय. पंप पिशवीतून काढावासुद्धा लागला नाही."

"ताईनं मांजर बाहेर काढलं असेल."

"कुठलं काय. तीन मांजरं आहेत. एक हिच्या उशीवरच झोपतं. दाजी घरात बसून सिगरेटी फुंकतात."

फोनमधून स्याफ्रिजलचा खोकला ऐकू आला. मागे मुकादम कोणावर तरी खेकसत होता.

"मग आता घेऊन येऊ का तिला?" यूल्यानीने विचारलं.

"इतक्यात नको," तो हळू आवाजात म्हणाला. "अजून अर्धी जमीन पेटवायचीय मला."