बिनभोकाचे तुकडे

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या आमच्या सुतारशेडमध्ये जाळीकाम असंच चालतं: आधी भोक पाडायचं, त्यातून करवतीचं पातं ओवायचं, मग नक्षी कापायची. म्हणून खाली पडलेल्या प्रत्येक तुकड्याला भोक असतंच.

माझा दोस्त मर्व्ह, त्याच्या करवतीखाली झाडताना मला बिनभोकाचे दोन तुकडे सापडले. बदामाएवढे.

"प्रदर्शनासाठी लेझर मशीनवर कापून आणलंस ना, लबाडा?" मी त्याला विचारलं.

"मग कडा जळाल्या असत्या. बघ की नीट, म्हाताऱ्या!"

जळाल्या नव्हत्या. तो फळीत आपल्या वारलेल्या बायकोचा, थेल्माचा, चेहरा कापत होता. मी तुकडे त्यावर ठेवून पाहिले. डोळ्यांच्या आकाराशी तंतोतंत जुळले.

मर्व्ह पांढराफटक पडला. "डोळे मी अजून कापलेच नाहीत."

तुकडे काढून मी फळी खिडकीसमोर धरली. केसांतून, ओठांतून ऊन आलं. डोळ्यांतून आलं नाही; तिथे लाकूड अखंड होतं.