हात लावू नये

खेळणीवाले सर गेले आणि महिनाभरात विज्ञान केंद्राने स्मारक उरकलंसुद्धा. त्यांनी भंगारातून बनवलेले पंप, भिंगऱ्या, रॉकेटं काचेच्या कपाटात कुलूपबंद झाली. पोरांनी मोडून बघावं म्हणून घडवलेल्या वस्तूंवर पाटी लागली: ‘हात लावू नये’. उद्घाटनाला सरांच्या मुलीच्या डोक्यात तिडीक गेली. “काका, ही बाबांची थट्टा आहे.” “गप गं! चार गोड शब्द बोल, नाहीतर तुझ्या वर्गाची इथली खोली उद्यापासून बंद,” माइक झाकून केंद्राचे अध्यक्ष हसले. खोली गेली तर बाबांसारखं शिकवायचं कुठे? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. “आभारी आहोत,” ती पुटपुटली. काचेला नाक लावून एका पोरीने विचारलं, “ताई, हा पंप चालतो कसा?” तोंडाने सांगून कळणार नव्हतं. तिने लोखंडी खुर्ची उचलली. “मागे सरका. आधी अंदाज सांगा: किती घावांत फुटेल?”