शेगडीची शिकवणी

“परत,” बाबा म्हणाला. “पहिल्यापासून सांग. मी नाहीये असं समज.”

आईनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला आणि ती शेगडीपुढे पुन्हा उकिडवी बसली.

ऋता शेडच्या दारातच थबकली. तिच्या हातात तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमधून आणलेली खाऊची पिशवी होती. तिचे आईबाबा, म्हणजे मधुवंती आणि प्रबोध, मागच्या अंगणातल्या या लाकडी शेडमध्ये गेले कित्येक शनिवार हेच करत होते. बारा महिने पंख्याखाली जगणाऱ्या सिंगापुरात लाकडाची शेगडी! शेजारच्या लिम अंकलनी तर पहिल्याच दिवशी कुंपणावरून डोकावून विचारलं होतं, “बार्बेक्यू, आह?”

वेड होतं, पण त्या वेडाला कारण होतं. आईला निवृत्तीनंतर थंडीत राहायचं होतं. न्यूझीलंडच्या दक्षिणेला तिनं एक छोटं लाकडी घर घेतलं होतं आणि तिथे अशीच शेगडी बसणार होती. अशीच म्हणजे अगदी हीच. बाबानं मुद्दाम त्याच कंपनीची, त्याच मापाची मागवली होती.

“तिथे येईल ना माणूस बसवायला,” ऋता सुरुवातीला म्हणाली होती.

“येईल की. पण त्यानं नीट बसवलीय का, हे तुझ्या आईला कळायला नको?”

म्हणून मग आधी इथे बसवली, तीही आईकडून. धुराड्यासाठी छपराला भोक पाडायला तेवढा कंत्राटदार आला. बाकी स्क्रू न् स्क्रू आईनं पिळला.

“खाली फरशी,” आई सांगू लागली. “लाकडी जमिनीवर शेगडी थेट ठेवायची नाही. फरशी दारापुढे चांगली बाहेर यायला हवी, निखारा पडला तर. भिंतीला पत्रा, आणि पत्रा नि भिंत यांच्यामध्ये हवेला जागा. धुराडं दुहेरी नळीचं, छपराच्या माथ्याच्याही वर गेलेलं.”

“हवेची झडप?”

“खिडकीखाली. कितीही गारठलं तरी तिथे बोळा कोंबायचा नाही.”

“राख?”

“झाकणाच्या लोखंडी बादलीत. बादली घराबाहेर. गार दिसली तरी गार नसते.”

“शाब्बास,” बाबा म्हणाला आणि हसला. ते हसू काही टिकलं नाही.

बाबा वाळला होता. शर्ट दुसऱ्याचा घातल्यासारखा दिसत होता. मध्यंतरी डॉक्टरकडेही जाऊन आला, विचारलं तर “रुटीन” म्हणाला. त्यात हे आणखी नवीन, की जन्मात कधी चहापलीकडे न गेलेला माणूस हल्ली रोज स्वयंपाक करायचा. नवा एवढासा कुकर आणला होता. त्यात तो भात लावायचा, आणि आई ओट्याला टेकून, कशालाही हात न लावता, नुसतं सांगायची. आमटी खारट व्हायची. ती दोघंही निमूटपणे खायची.

आणि सारखं ते ‘मी नाहीये असं समज’.

कोविड झाल्यापासून आईला वास येत नव्हता. दूध करपलं, गॅस सुरू राहिला, की बाबाचीच आतून हाक यायची, “मधू, गॅस!” बाबाचं हे नाक नसेल तेव्हाची तयारी चालली आहे, हे कळायला ऋताला ज्योतिषी लागत नव्हता.

बाबानं खोक्यातून पांढरा अलार्म काढला. “धुराडं तुंबलं की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू खोलीत साठतो. त्याला वासच नसतो, मधू. इथे माझं नाकसुद्धा कुचकामी. हाच ओरडेल. बस बघू.”

शेडमध्ये एकच स्टूल होतं. आई त्यावर बसली. बाबानं शेगडीपासून थोडं लांब, तिच्या डोक्याच्या उंचीला भिंतीवर पेन्सिलीची खूण केली.

“बाबा, तू उंच आहेस,” ऋता म्हणाली. “तुझ्याही हिशेबानं लाव ना.”

“तिच्या उंचीला बरोबर आहे.”

आई खिडकीबाहेर बघत राहिली.

अलार्म लागला. बटण दाबताच असा किंचाळला, की लिम अंकलचा कुत्रा भुंकायला लागला. मग आईनं वाळक्या काटक्या रचल्या, पेटवल्या, एक बारीकसं लाकूड घातलं. धूर वरच्या वर गेला. बाबानं एकदाही हात पुढे केला नाही.

“जमलं,” आई म्हणाली. घामानं ती चिंब झाली होती. “मी आंघोळ करून येते.” जाता जाता तिनं बाबाच्या खांद्यावर हात ठेवला. “थँक यू, प्रबोध.”

आईनं बाबाला कधी थँक यू म्हटलेलं ऋतानं ऐकलं नव्हतं. पावलं घरात गेली तसा तिचा धीर सुटला.

“बाबा, डॉक्टर काय म्हणाले?”

“झोप येत नाही म्हणून गेलो होतो. गोळ्या दिल्यात. बाकी ठणठणीत.”

“डोन्ट ब्लफ मी, लाह!” तिला रडू फुटलं. “खरं सांग. किती दिवस आहेत? मी सुट्टी काढते, चांगीचं ऑफिस गेलं खड्ड्यात.”

“अगं वेडे!” बाबा आता खरोखरच हसला. “कसले दिवस? रिपोर्ट दाखवू? मला काहीसुद्धा झालेलं नाही.”

त्याचे डोळे खोटं बोलत नव्हते. ऋताला इतकं हलकं वाटलं, की ती रडता रडता हसू लागली. स्टुलावर बसून तिनं नाक पुसलं.

“मग काय सारखं ‘मी नाहीये असं समज’? घाबरवून टाकलंस मला! तिकडे तूच पेटवशील ना शेगडी? आई मस्त खिडकीत बसेल. तिच्याकडून कशाला हे सगळं पाठ करून घेतोस?”

बाबानं शेगडीचं दार हलक्या हातानं लावलं. कडी नीट बसली का ते पाहिलं.

“तिनं मला ये म्हटलेलं नाही, ऋता.”