बंद बेल

"इथं पेशंटला शेवटपर्यंत काही कमी पडत नाही," शुश्रूषा केंद्राचा मॅनेजर सांगत होता. नवऱ्याचा कॅन्सर बरा होणार नाही हे कळल्यापासून हेमलता अशी जागा शोधत होती. फरशी चकचकीत होती, बागही सुंदर.

एका खोलीत एक म्हातारे गृहस्थ उशाजवळचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होते. ओठ कोरडे पडून फुटले होते. तिनं त्यांना चमच्यानं पाणी पाजलं. मग तिला दिसलं, बेलची वायर काढून ठेवलेली होती.

"सारखी वाजवतात हो," मॅनेजर हसला.

घरी नवऱ्यानं विचारलं, "कशी आहे जागा?"

"तुम्ही इथंच राहायचं."

"आणि दुखायला लागलं की इंजेक्शन कोण देणार?"

"मी शिकेन."

त्यानं बाही वर सरकवली आणि सरावासाठी आपला दंड पुढे केला.